मोराच्या मानेचा भाव

माझ्या सॉफ्टवेअरचं पहिलं गिऱ्हाईक रविवारी सकाळी नऊ वाजता आलं आणि सव्वानऊ वाजता त्यानं पैसे परत मागितले.

मधल्या पंधरा मिनिटांत मी घरभर पेढे वाटून मोकळा झालो होतो. पैसे परत मागण्याची सोय आहे, पेढे परत मागण्याची नाही. आईच्या तोंडात अर्धा पेढा होता आणि माझ्या तोंडाकडे बघून तिनं चावणं थांबवलं.

"काय झालं रे सन्मती? चेहरा काहून उतरला?"

"काही नाही, नेट गेलं," मी म्हणालो.

नेट गेलं नव्हतं. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाचं सभ्य पत्र आलं होतं. त्यानं लिहिलं होतं, 'तुमच्या प्रोग्रॅममध्ये झालेली चूक मागे घेता येते, पण एकदाच. माझ्या चुका त्याहून जास्त असतात. कृपया पैसे परत करावेत.' या पत्रावर भांडायचं तरी काय? माझ्याही चुका त्याहून जास्तच असतात.

हे सॉफ्टवेअर म्हणजे नेमकं काय, हे मंगरूळपीरमध्ये मला साधारण चारशे वेळा सांगावं लागलं आहे. एकदाही कुणाला पटलेलं नाही, तरी सांगतो. जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रं आठवा. लहान लहान चौकोनी खाने, प्रत्येक खान्यात एक रंग, आणि ते मिळून माणूस, झाड, डोंगर. आज जगात हजारो लोक हौसेनं अशी चित्रं काढतात. ती काढायचं साधन मी बनवलं होतं. नाव 'ठिपका'. दोन वर्षं, आमच्या कापड-दोऱ्याच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, गल्ल्याशेजारी लॅपटॉप ठेवून. दुकानाचं नाव 'चंपालाल अँड सन्स'. मी एकुलता एक. पाटी रंगवताना वडिलांना काय आशा होती, हे मी कधी विचारलं नाही.

वडिलांना म्हणजे बापूजींना मी ठिपका पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला.

"मोबाइलवर चित्र इतकं साफ येते, ते तू मुद्दाम खराब करून राह्यला?"

"खराब नाही बापूजी, ती कला आहे."

"अन् खराब करायचे लोक पैसे देतीन?"

"देतील."

"दिवाळीपावेतो पाहू," ते म्हणाले. आमच्या घरात 'पाहू' हा निकाल असतो. दिवाळीपर्यंत ठिपका चालला तर ठीक, नाहीतर लॅपटॉप कपाटात आणि मी पूर्णवेळ दुकानाच्या गादीवर. गादीवर बसणं वाईट नाही. बापूजी चाळीस वर्षं बसले. पण ते स्वतःहून बसले होते, मला बसवलं जाणार होतं.

आता भावाबद्दल. पहिला भाव मी सातशे नव्व्याण्णव लावला होता. हा आकडा पंधरा दिवसांच्या चिंतनातून निघाला होता. सातशे म्हटलं तर गरीब वाटतो, आठशे म्हटलं तर माजल्यासारखा. पहिलं गिऱ्हाईक परत गेल्यावर मी घाबरून तो चारशे नव्व्याण्णव केला. सोमवारी दोन प्रती विकल्या गेल्या आणि एक पत्र आलं, 'इतक्या स्वस्तात देता, म्हणजे सहा महिन्यांत हे बंद करून तुम्ही दुसऱ्या कामाला लागणार, असं दिसतं.' दुसरं काम म्हणजे गादी. या माणसाला परदेशात बसून बापूजी दिसले कसे? बुधवारी मी भाव चौदाशे नव्व्याण्णव केला. बुधवारी संध्याकाळीच तिसरं पत्र, 'काल पगार व्हायचा होता म्हणून थांबलो, आज भाव तिप्पट. कृपया गुरुवारचा भाव आजच कळवा, म्हणजे मला ठरवता येईल.'

त्या दिवशी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मी एक फुलका खाल्ला. चातुर्मास असल्यानं आई-बापूजी दिवस मावळायच्या आत उरकतात, आणि माझी बहुतेक पत्रं नेमकी त्याच वेळेला यायची. तिकडं लोक उठतात आणि चहा पिता पिता मला लिहितात. ताटाशेजारचा फोन थरथरला की माझा घास थरथरायचा.

"टमाट्याचा भाव बी आठोड्यात एवढा हालत नाही," बापूजी वरणात बघत म्हणाले.

माझी बायको जिनल कारंज्याची. कॉमर्स शिकलेली, कमी बोलणारी. पण बोलली की चार दिवस पुरतं. तिनं माझं विक्रीचं पान वाचलं. त्यावर मी लिहिलं होतं, 'हे एकट्या माणसाचं छोटंसं काम आहे, त्रुटी असतील, सांभाळून घ्यावं, परवडत नसेल तर कळवावं, पटलं नाही तरी कळवावं.'

"तुमी भाव सांगून नाही राह्यले," ती म्हणाली. "माफी मागून राह्यले."

मी दुखावलो. मनुष्यावर घरातूनच असे वार झाले तर त्यानं जावं कुठं? मी दुकानात गेलो. तिथं भाऊसिंगकाका बसले होते.

भाऊसिंगकाका मागच्या गल्लीतले, सरकारी ऑफिसातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वेळ भरपूर, कॉम्प्युटर मुलानं घेऊन दिलेला. तपासून बघायला म्हणून मी त्यांना ठिपका फुकट दिला होता. माणसं फुकट वस्तू घेऊन विसरतात, असा माझा समज होता. काकांनी ठिपक्यात आपलं जुनं ऑफिस काढायला घेतलं. खाना खाना मोजून. दरवाजा, पायऱ्या, नोटीस बोर्ड, स्वतःच्या खुर्चीमागची खिडकी. आणि भिंतीत पिवळा रंग भरायला गेल्यावर रंग भिंतीत न थांबता बाहेर पसरला. याबद्दल ते तोंडी सांगून मोकळे होऊ शकले असते. दुकान त्यांच्या घरापासून साठ पावलांवर आहे. त्यांनी अर्ज केला.

'विषय : रंगाच्या बादलीस गळती लागून संपूर्ण आकाश पिवळे झालेबाबत. संदर्भ : आपल्या दुकानात गुरुवारी दिलेले माझे तोंडी निवेदन. महोदय, उपरोक्त विषयान्वये...'

"पोच दे," काका म्हणाले.

"काका, मी वाचला ना."

"वाचला कायले, पोच दे. आवक क्रमांक टाक, तारीख टाक, सही कर. माह्या नोकरीत पोचेशिवाय एक कागद पुढे सरकला नाही."

मी सही केली. आवक क्रमांक एक. पंधरा दिवसांत तो सतरावर गेला. अर्ज रागाचे वाटायचे, पण त्यातला प्रत्येक शब्द खरा असायचा, आणि त्यानं माझी झोप जास्त उडायची. बादली खरोखर गळत होती. तिरक्या रेषेत खाने एकमेकांना फक्त कोपऱ्याला टेकतात, आणि माझा रंग त्या कोपऱ्यातून पलीकडं निसटत होता. जगभरातल्या कुणी हे लिहिलं नव्हतं. मी दुरुस्ती केली, काकांना कळवलं. त्यांनी तपासून अर्जावर शेरा मारला, 'कार्यवाही समाधानकारक. प्रकरण नस्तीबद्ध.' त्या शेऱ्यानं मला जो आनंद झाला, तो अकरा प्रती विकूनही झाला नव्हता.

हो, अकरा विकल्या होत्या. पैसे परदेशी वेबसाइटकडं जमा होते आणि माझ्या खात्यात यायला तयार नव्हते. बँकेत गेलो. तिथले साहेब भले, फक्त त्यांच्यापुढचा फॉर्म भला नव्हता.

"माल कोणता पाठवला?"

"सॉफ्टवेअर."

"कोणत्या गाडीनं?"

"इंटरनेटनं."

"मंग ट्रकवाल्याची बिल्टी नसन," ते कळवळून म्हणाले. "वजन तरी सांगा. रकाना खाली सोडला तर वरून वापस येते."

"बेचाळीस एमबी."

त्यांनी बेचाळीस लिहिलं, थोडं थांबले, आणि पुढं 'किलो' लिहिलं. मग धंद्याच्या जागेचा मालासहित फोटो मागितला. मी गल्ल्यामागं लॅपटॉप छातीशी धरून उभा राहिलो, पाठीमागं साड्यांचे गठ्ठे, बाजूला आत येऊन फोटोत घुसलेले भाऊसिंगकाका. आठवड्यानं फॉर्म परत आला. शेरा असा, 'फोटोत साड्या दिसतात, अर्जात सॉफ्टवेअर आहे. तफावत.'

या तफावतीच्या चिंतेत मी असतानाच धनीबाई आल्या.

धनीबाई आमच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. किन्हीराजाच्या पुढच्या बंजारा तांड्यावरून महिन्यातून एकदा दोरा, काच आणि जाड कापड न्यायला येतात. माझ्या मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून बघत असल्यानं मला अरेतुरे करतात. त्यांच्या हातचं भरतकाम बघितलं की दुकानातल्या छापील साड्यांना लाज वाटावी.

"वाशीमच्या प्रदर्शनासाठी बचत गटाले पंचवीस पिशव्याचं काम भेटलं भाऊ," त्या म्हणाल्या. "पन तिथल्या मॅडमले मोर पायजे. आमच्या कामात मोर नसते. आमच्यात चौकडी असते, कवडी असते, आरसा असते. गिऱ्हाईक मोर म्हनते तं मोर. तू दिवसभर खाने भरत बसतं ना? भरून दे मले मोर."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम ओळखलं होतं, तेही तीन शब्दांत. दिवसभर खाने भरणं. मी आनंदानं मोर काढला, छापून दिला, पैसे घेतले नाहीत. बारा दिवसांनी त्या आल्या आणि गल्ल्यावर एक नमुना टाकला.

"हे काय हाय?"

"मोर."

"नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. मान आखूड, अंग पसरट, एकंदर पाण्यात पोहायच्या तयारीत.

"बदक," मी म्हणालो.

बापूजी हसले. ठिपक्याच्या निमित्तानं ते हसल्याची ही पहिली नोंद.

"तुहा खाना चौकोनी हाय," धनीबाईंनी बोटानं कापड ताणून दाखवलं. "माहा टाका आडवा लांब हाय. तू कागदावर मोर काढतं, कापडावर उतरला का बसून जाते."

इतकी साधी गोष्ट. कापडावरचा खाना कागदावरच्या खान्यासारखा चौकोनी नसतो. म्हणजे चित्रकारानं आधी खान्याची लांबी-रुंदी सांगितली पाहिजे आणि मगच चित्र काढलं पाहिजे. मी त्यांच्या मोरात लगेच हातानं जास्तीच्या ओळी घालून मान उंच केली. त्यांनी पडद्यावर मोजून बघितलं, मान डोलावली, आणि पिशव्यांचं कापड न्यायला येतील तेव्हा छापील कागद न्यायचं ठरलं. मग माझ्या डोक्यात आलं की ही सोय ठिपक्यातच का घालू नये? विणकाम, भरतकाम करणारे जगात थोडे आहेत का? मी आठ दिवस त्यावर काम केलं. या आठ दिवसांत भाव विचारणारी पत्रं आली, त्यांना मी उत्तरं दिली नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे माझे फुलकेही कमी झाले नाहीत. रविवारी सगळ्यांसाठी नवी आवृत्ती सोडली. सोमवारी सकाळी धनीबाई घाईत आल्या, बस धरायची होती. मी मोर छापला. मोठा झाल्यानं तो चार कागदांवर आला. एकावर मान, एकावर अंग, दोनांवर पिसारा. कागद दिले. त्या गेल्या.

सोमवारी संध्याकाळी पत्रं सुरू झाली.

'माझा राजवाडा मनोरा झाला आहे.' 'माझी मांजर उभी का आहे?' 'तीन महिन्यांचं काम. तीन महिने!' या शेवटच्या माणसानं दुसरं काही लिहिलंच नव्हतं. झालं असं होतं की जुन्या चित्रांत खान्याची लांबी-रुंदी लिहिलेलीच नव्हती, आणि नव्या ठिपक्यानं ती आपल्या मनानं धरून प्रत्येक जुनं चित्र उंच करून टाकलं होतं. मंगळवारी दुकान उघडताच भाऊसिंगकाका हजर. आज अर्जाचा कागद वेगळा होता, लांब, कायदेशीर आकाराचा.

'विषय : कार्यालयाची इमारत विनापरवाना एक मजला वाढल्याबाबत.'

मी पोच द्यायला घेतली. आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली. आणि सही करता करता थांबलो. जुनं प्रत्येक चित्र उंच झालं. धनीबाईंचा मोर जुनाच होता. त्याची मान मी हातानं आधीच उंच केली होती. सोमवारी छापला तो नव्या ठिपक्यातून.

"काका," मी म्हणालो, "मोर."

"मोराचा अर्ज माहा नाही."

मी फोन लावला. तांड्यावर फोन टेकडीवर गेलं तरच लागतो आणि मंगळवारी टेकडीवर कुणी गेलं नव्हतं. प्रदर्शन दहा दिवसांवर. राजवाडेवाल्याला, मांजरवाल्याला मी दुरुस्ती पाठवू शकत होतो. बटण दाबलं की राजवाडा पुन्हा खाली बसला असता. पण कापडात गेलेला टाका कुठल्या बटणानं निघतो? तेवढी दुरुस्ती तासाभरात केली, सगळ्यांना पाठवली, जिनलला दुकानात बसवलं आणि बस पकडली. शेलूबाजारला उतरून दुसरी गाडी. गाडीत शेजारी सोयाबीनचं पोतं घेतलेला एक गृहस्थ होता. त्यानं सौजन्यानं विचारलं, "कोनाची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, मोराची. तो खिडकीकडं सरकला.

वाटेत मी मनाला समजावत होतो. एका दिवसात कितीसं झालं असेल. धनीबाईंची नजर पक्की, पहिल्याच ओळीला चूक ओळखतील.

तांड्यावर पत्र्याच्या सावलीत चार बायका बसल्या होत्या. धनीबाईंनी काम वाटून टाकलं होतं. कागद चार, हात चार जणींचे. एक अंग भरायची, दोघी पिसारा, आणि धनीबाईंची सून अंजू मान. पूर्ण मोर कुणाच्याच समोर नव्हता. सगळ्या जणी आपापल्या कागदावरचे खाने मोजत, इमानदारीनं, एक टाका न चुकवता काम करत होत्या. मी पोचलो तेव्हा अंजू पिशवी हातात धरून सासूला सांगत होती,

"आत्याबाई, ही मान संपूनच नाही राह्यली. बंदापावेतो आली अन् डोकं अजून यायचंच हाय."

धनीबाईंनी पिशवी घेतली, हात लांब करून धरली. मग मला बघितलं. मी चपला काढायचं विसरलो होतो, तसाच उभा राहून सगळं सांगितलं. नवी आवृत्ती, जुनं चित्र, दोनदा वाढलेली उंची. मधेच लक्षात आलं की मी कारणं सांगतोय. मग म्हणालो, "माझी चूक आहे. मी छापल्यावर बघितलं नाही."

"किती पिशव्या सुरू झाल्या?" मी विचारलं.

"सात."

एका बाईनं सुई कापडात खोचून ठेवली.

"तू तिथं बसून एक बटन दाबतं," धनीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. "अन् इथं माह्या सुनेचा दिवस जाते. या तिघींचा बी जाते. वावरातली मजुरी सोडून बसल्या ह्या. माह्या डोक्यात मोर नव्हता, पन माहं काम होतं डोक्यात. तुह्या कागदावर भरोसा करून ते मी बाजूले ठेवलं."

"मी भरून देतो."

"काय भरून देशीन? दिवस देशीन?"

थंड देशातल्या सभ्य माणसाला मी पैसे परत केले होते आणि ते प्रकरण मिटलं होतं. इथं काय परत करणार? धनीबाईंनी सातही पिशव्या गोळा करून माझ्या हातात दिल्या.

"घेऊन जा. डोयासमोर नोको. अठरा पिशव्याचं कापड राह्यलं हाय. मोर बराबर करून आन, नाहीतर मी माही चौकडी भरतो अन् मॅडमले सांगतो का मोर उडाला."

परतीच्या बसमध्ये मी त्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो. मोरांच्या माना बंदापर्यंत पोचल्या होत्या. उंटासारख्या. काम मात्र इतकं सुरेख होतं, टाके इतके एकसारखे, की हसायची सोय नव्हती.

दुकानात बापूजी एका बाईला ब्लाउजपीस फाडून देत होते. ती गेल्यावर मी पिशव्या गल्ल्यावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. काहीही न लपवता. मला वाटलं, आता 'पाहू' संपलं. दिवाळीचीही वाट बघायला नको. बापूजींनी एकेक पिशवी उलटी करून शिवण बघितली, टाका बघितला. दोऱ्याचं टोक आतून कसं बांधलंय तेही बघितलं.

"एक पिशवीचे तिले किती भेटनार होते?"

मी सांगितलं.

त्यांनी गल्ला उघडला, सातांचे पूर्ण पैसे काढून माझ्यापुढं ठेवले. एक रुपया कमी नाही, आणि बापूजी भावात एक रुपया सोडत नाहीत.

"हे उधार नाही," ते म्हणाले. "धंदा तुहा हाय ना? धंद्यात चुकी झाली तं नुकसान दुकानदाराचं असते. गिऱ्हाइकाचं नसते. मोर घेऊन जाशीन तवा देऊन ये."

धंदा. दोन वर्षांत त्यांनी ठिपक्याला 'ते तुहं' म्हटलं होतं, 'ते खानेबिने' म्हटलं होतं, एकदा पाहुण्यांसमोर 'दुपारचा टाइमपास' म्हटलं होतं. मी पैसे उचलायला हात पुढं केला, तसं त्यांनी ते जरा मागं ओढले.

"भाव काय हाय आज?"

"बाराशे," मी म्हणालो. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की माझा भाव बाराशे आहे.

"कमी नाही होनार?"

"नाही."

"काहून?"

"कारण गळती सांगितली तर मी दुरुस्त करतो. पत्र आलं तर उत्तर देतो. आणि माझ्यामुळे कुणाचं काम बिघडलं, तर मी जातो तिथं."

बापूजींनी पैसे पुढं सरकवले आणि कापडाचं ठाण उचलून मीटरपट्टीला लावला. "मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि मोजायला लागले.

मी पानावरची माफी काढून टाकली. भाव लिहिला, बाराशे. त्याच संध्याकाळी एकानं कळवलं की हे फार महाग आहे. मी उत्तर दिलं, 'आहे खरं.' आणि फुलके चार खाल्ले.

बुधवारचा सगळा दिवस मोरावर गेला. यावेळी छापला, चारही कागद जमिनीवर जोडून मांडले, स्टुलावर चढून वरून बघितलं. जिनलला बघायला लावलं. भाऊसिंगकाकांना बोलावून बघायला लावलं. त्यांनी टेप लावून मान मोजली आणि 'हरकत नाही' असा शेरा दिला. मग चार कागदांची भानगडच नको म्हणून मी खाने बारीक करून अख्खा मोर एका मोठ्या कागदावर आणला. गुरुवारी पहिल्या बसनं तांड्यावर.

धनीबाईंनी पैसे मोजून न बघता कनवटीला लावले. कागद मात्र मोजला. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं, ओठ हलत होते. मी समोर पत्र्याखाली उकिडवा बसलो. चहा आला, तो गार झाला. नमुन्यासाठी त्यांनी कापडाचा एक तुकडा घेतला आणि टाके घालायला सुरुवात केली. निळं अंग झालं. मान वर निघाली, आणि जिथं थांबायला हवी तिथं थांबली. डोकं, तुरा, पिसारा. दीडएक तास गेला असेल. तेवढ्या वेळात मी मनात तीनदा माफी मागून ठेवली.

शेवटी त्यांनी दोरा दातानं तोडला, तुकडा गुडघ्यावर पसरला आणि अंजूला दाखवला.

"मोर हाय," अंजू म्हणाली.

मी गार झालेला चहा उचलला.

"मोर हाय," धनीबाई म्हणाल्या. "पन पाय कुठी गेले याचे?"

मी कागद ओढून घेतला. पाय नव्हते. एका कागदावर बसवायच्या नादात खालच्या सात ओळी कागदाबाहेर राहिल्या होत्या. स्टुलावर चढून मी मान बघितली होती, काकांनी मान मोजली होती, सगळ्या जगाचं लक्ष मानेकडं होतं.

"मी आत्ता जातो," मी उठत म्हणालो. "साडेअकराची गाडी मिळाली तर दोनपर्यंत छापून..."

"बस खाली."

मी बसलो.

"पाय मी टाकतो," धनीबाई म्हणाल्या. त्यांनी सुईत पिवळा दोरा ओवला, कागद उलटा करून अंजूच्या मांडीवर टाकला आणि कापड हातात घेतलं. कशाकडंही न बघता त्यांची सुई वर-खाली व्हायला लागली. आधी एक पाय, मग दुसरा, मग प्रत्येकाला तीन-तीन बोटं.

मी खिशातून वही काढली आणि जवळ सरकून त्यांचे टाके मोजायला लागलो. आडवे चार, उभे दोन, मग एक सोडून एक.